हल्ल्यानं वाद संपतो, प्रश्न संपत नाहीत

मामा नौदलातून निवृत्त झालेले आणि भाची महाविद्यालयात इतिहास शिकवणारी. ४ डिसेंबरचा नौदल दिन झाला की तीनच दिवसांनी ७ डिसेंबर उजाडतो आणि दोघांची पर्ल हार्बरवरून जुंपते. अचानक झालेला हल्लाच एखाद्या देशाला युद्धात ओढतो, असं मामांचं ठाम मत. भाची म्हणते, देश आधीच उंबरठ्यावर उभा असतो, हल्ला फक्त त्याला आत ढकलतो. यंदाच्या जुगलबंदीत दोघांनीही आपापली जागा थोडी सोडली, म्हणून ती इथे देत आहे.

मामा : हिशेब सरळ आहे. ६ डिसेंबर १९४१, शनिवार. त्या दिवशी अमेरिकी काँग्रेसमध्ये कोणी युद्धाचा ठराव मांडला असता, तर तो हमखास पडला असता. ८ डिसेंबर, सोमवार. तोच ठराव सिनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर. मधल्या रविवारी जपानच्या सहा विमानवाहू नौकांवरून साडेतीनशेच्या आसपास विमानं दोन लाटांत हवाईतल्या ओआहू बेटावरच्या पर्ल हार्बरवर आली. दोन तासांत २,४०३ अमेरिकी माणसं मेली. एकट्या 'ॲरिझोना' या युद्धनौकेवर १,१७७. आणि तू याला निमित्त म्हणतेस?

भाची : निमित्त म्हणजे क्षुल्लक, असं मी कुठे म्हणतेय? पण शनिवारी अमेरिका युद्धापासून लांब होती, हेच मला पटत नाही. सप्टेंबर १९४० मध्ये तिनं ब्रिटनला पन्नास जुन्या विनाशिका दिल्या आणि बदल्यात तळ घेतले. त्याच महिन्यात शांततेच्या काळातली पहिली सक्तीची सैन्यभरती सुरू केली. मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा करून ब्रिटनला शस्त्रं पुरवायला लागली. जुलैमध्ये जपानची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल बंद. जपानचं सुमारे ऐंशी टक्के तेल अमेरिकेतून यायचं, मामा. गावातल्या एकुलत्या एका विहिरीला कुलूप घालायचं आणि वर म्हणायचं, आमचं कोणाशी भांडण नाही!

मामा : कुलूप का घातलं, तेही सांग की. १९३७ पासून जपान चीनमध्ये काय करत होता? १९४० मध्ये उत्तर इंडोचीनमध्ये घुसला, जुलै १९४१ मध्ये दक्षिणेतही उतरला. तुझी विहीर शेजाऱ्यांची घरं जाळायला निघालेल्याला पाणी देत होती. ती बंद केली म्हणजे युद्ध पुकारलं असं होत नाही. जपानपुढे माघारीचा मार्ग उघडा होता.

भाची : होता, आणि तो न घेण्याची जबाबदारी टोकियोचीच. मी जपानची वकिली करत नाही. मी एवढंच दाखवतेय की दोन्हीकडून वाट अरुंद होत गेली होती. जपानचा तेलसाठा दिवसागणिक घटत होता, त्यामुळे तिथल्या लष्कराला वाटाघाटींचा प्रत्येक दिवस तोट्याचा वाटायला लागला. २६ नोव्हेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी चीन आणि इंडोचीनमधून सैन्य काढा, असं टिपण जपानी राजदूतांच्या हाती दिलं.

मामा : आणि ते टिपण टोकियोत पोहोचण्याआधीच हल्ल्यासाठीचा ॲडमिरल नागुमोचा जपानी ताफा कुरील बेटांतल्या हितोकाप्पू उपसागरातून निघालेला होता! हे विसरू नकोस.

भाची : नाही विसरले. वाटाघाटी जमल्या असत्या तर ताफा परत बोलवायचा, असा हुकूम होता. पण कोणाला खरंच जमायला हवं होतं, हा प्रश्न उरतोच.

मामा : बरं, तुझी उंबरठ्याची गोष्ट एका प्रसंगावर घासून बघू. ३१ ऑक्टोबर १९४१. आइसलंडजवळ जर्मन पाणबुडीनं 'रूबेन जेम्स' ही अमेरिकी विनाशिका बुडवली. शंभराच्या आसपास खलाशी गेले. त्याच्या दोनच आठवडे आधी 'कर्नी' या दुसऱ्या अमेरिकी विनाशिकेवर पाणतीर बसून अकरा जण मेले होते. अमेरिका युद्धात उतरली? नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भरती झालेल्या जवानांची मुदत वाढवायचं विधेयक प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ अशा एका मतानं तरलं. सैनिकांना घरी पाठवायचं की नाही यावर एका मतानं निर्णय होणारा देश उंबरठ्यावर होता म्हणतेस?

भाची : हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि मला वाटतं इथेच खरी मेख आहे. 'रूबेन जेम्स'चे शंभर जण मेले तेव्हा लोक चिडले, पण लगेच अर्ध्या देशानं विचारलं, आपलं जहाज तिथे ब्रिटिश मालाला पहारा द्यायला गेलंच कशाला? म्हणजे चूक कोणाची, यावर वाद होऊ शकत होता. पर्ल हार्बरनंतर तो वाद शक्यच राहिला नाही. रविवारची सकाळ, जहाजं नांगर टाकून उभी, वॉशिंग्टनमध्ये जपानी राजदूत बोलणी करायला बसलेले. किती माणसं मेली यापेक्षा कोणी सुरुवात केली याचं उत्तर निर्विवाद होणं, यानं देश हलला.

मामा : म्हणजे शेवटी हल्ल्यानंच हलला.

भाची : हल्ल्यानं वाद मिटवला, असं मी म्हणेन. चार्ल्स लिंडबर्ग ज्या 'अमेरिका फर्स्ट' समितीचे मुख्य वक्ते होते, ती युद्धाविरुद्ध देशभर सभा घेत होती. हल्ल्यानंतर आठवड्याच्या आत तिनं स्वतःचं विसर्जन केलं. युद्धाची कारणं तीन-चार वर्षं साठत होती, त्या रविवारी विरोधकांच्या हातातला शेवटचा मुद्दा गेला.

मामा : त्यात राजदूतांच्या उशिरानं भर घातली. नोमुरा आणि कुरुसु यांनी दुपारी एक वाजता संदेश द्यायचा होता. दूतावासात तो टंकलिखित करून होईना. ते हल यांच्यासमोर गेले दोन वाजून वीस मिनिटांनी, तेव्हा हवाईत बॉम्ब पडायला लागून पाऊण तासाहून अधिक झाला होता. अजूनही काही जण म्हणतात, टंकलेखक वेळेवर असता तर जपानची एवढी नाचक्की झाली नसती.

भाची : काही फरक पडला नसता. त्या लांबलचक संदेशात युद्धाची घोषणा नव्हतीच. बोलणी पुढे चालवण्यात अर्थ नाही, एवढाच मथितार्थ. शिवाय मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य पर्ल हार्बरच्या तासाभराहून आधी उतरलं होतं, तिथे ब्रिटिशांना कोणी कागद दिला? त्या किनाऱ्यावर समोर कोण उभे होते माहितीये ना? डोग्रा रेजिमेंटचे आपले जवान. म्हणजे पॅसिफिकच्या युद्धात अमेरिकी माणसाआधी हिंदुस्थानी माणूस गोळी झेलत होता.

मामा : आणि चार महिन्यांत युद्ध आपल्या दारात आलं. ५ एप्रिल १९४२ ला नागुमोच्या त्याच ताफ्यानं कोलंबोवर हल्ला चढवला, आणि दुसऱ्या दिवशी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. आपल्याला तर युद्धात आहोत की नाही हे कोणी विचारलंच नव्हतं. १९३९ मध्येच व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

भाची : म्हणूनच मला अमेरिकेचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. तिथे विचारावं लागत होतं, आणि लोक दोन वर्षं नाही म्हणत होते.

मामा : खलाशी म्हणून मला बोचतं ते वेगळंच. ओपानाचं रडार. ओआहूच्या उत्तर टोकाला दोन साधे सैनिक रडारवर बसलेले. सात वाजता पाळी संपली. न्याहारीला न्यायला ट्रक यायचा होता, तो आला नाही, म्हणून सरावासाठी त्यांनी यंत्र चालू ठेवलं. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर एवढा मोठा ठिपका उमटला की त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. दोनशेहून अधिक किलोमीटर लांब. त्यांनी माहिती केंद्राला फोन लावला. तिथे अधिकारी म्हणून एक नवखा लेफ्टनंट एकटाच होता. कॅलिफोर्नियाहून आपली बी-१७ विमानं येणार आहेत, हे त्याच्या कानावर होतं. तो म्हणाला, काळजी करू नका. तासाभराच्या आत पहिला बॉम्ब.

भाची : आणि त्याही आधी बंदराच्या तोंडाशी 'वॉर्ड' या विनाशिकेनं एक छोटी पाणबुडी बुडवली होती.

मामा : पावणेसातच्या सुमारास! तसा संदेशही पाठवला. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, "खातरजमा करा" म्हणत फिरत राहिला. याला मी हल्ल्याचं यश म्हणत नाही, साखळीतल्या प्रत्येक कडीनं पुढच्या कडीवर ढकललेली जबाबदारी म्हणतो.

भाची : यावरूनच काहींनी सिद्धांत काढला की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मुद्दाम होऊ दिलं.

मामा : तुझ्या पक्षाला सोयीचाच आहे की तो!

भाची : अजिबात नाही. त्याला पुरावा नाही, आणि तर्कही लंगडा आहे. अमेरिकेनं जपानची राजनैतिक सांकेतिक लिपी फोडली होती. हल्ला होणार हे कळत होतं, पण नजर होती फिलिपिन्स आणि मलायाकडे. २७ नोव्हेंबरला युद्धाचा इशारा हवाईलाही गेला होता. इशारे कमी नव्हते, उलट इतके होते की खरा कोणता ते नंतरच कळलं. आणि रूझवेल्टना फक्त कारण हवं असतं, तर हल्ला परतवून लावला असता तरी कारण मिळालंच असतं. त्यासाठी स्वतःचा ताफा कोण जाळून घेईल?

मामा : शाबास. हे मी तुझ्या तोंडून ऐकायला थांबलो होतो.

भाची : थांबा, पुढे तुम्हाला आवडणार नाही असं आहे. विमानं का एवढी नष्ट झाली? १८८ विमानं गेली, बहुतेक जमिनीवरच. कारण हवाईतल्या लष्कराचे प्रमुख जनरल शॉर्ट यांना धास्ती होती ती बेटावरच्या जपानी वंशाच्या लोकांनी घातपात करण्याची. पहारा सोपा जावा म्हणून विमानं पंखाला पंख लावून रांगेत उभी केली. भीती शेजाऱ्याची, आणि मरण आलं आकाशातून.

मामा : ती लष्करी चूक होती.

भाची : चूक तिथे थांबली असती तर लष्करी म्हटलं असतं. १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टनी सही केली त्या आदेशानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरदार, दुकान, शेत सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक. आणि गंमत बघा, जिथे प्रत्यक्ष हल्ला झाला त्या हवाईत लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते, पण तिथे अशी सरसकट धरपकड झाली नाही. कारण त्यांच्याशिवाय ऊसमळे, गोदी, काहीच चाललं नसतं. जिथे माणसांची गरज होती तिथे ती विश्वासू ठरली, जिथे नव्हती तिथे संशयित. १९८८ मध्ये सरकारनं माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. सेहेचाळीस वर्षांनी.

मामा : याचं समर्थन मी करणार नाही. पण हल्ला करणाऱ्याचा हिशेब तू टाळतेयस. हल्ला आखणाऱ्या ॲडमिरल यामामोतोला हे सगळं दिसत होतं. हार्वर्डमध्ये शिकलेला, वॉशिंग्टनमध्ये नौदल प्रतिनिधी राहिलेला माणूस. हल्ल्यानंतर तो म्हणाला ना, आपण एका झोपलेल्या राक्षसाला...

भाची : ते वाक्य त्यानं म्हटल्याचा पुरावा नाही, मामा. १९७० च्या 'तोरा! तोरा! तोरा!' सिनेमातलं ते. त्यानं खरोखर सांगितलं ते १९४० मध्ये पंतप्रधान कोनोए यांना: सहा महिने, फार तर वर्षभर मी धुमाकूळ घालीन, पुढची खात्री देता येणार नाही.

मामा : आणि सहाच महिन्यांत, जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत पर्ल हार्बरच्या सहा विमानवाहू नौकांपैकी चार बुडाल्या. त्याचा अंदाज बरोबर ठरला.

भाची : मग प्रश्न असा की ज्याला हे कळत होतं त्यानंच हल्ला का आखला? उत्तर १९०४ मध्ये आहे. पोर्ट आर्थरला रशियाच्या ताफ्यावर जपाननं युद्धाच्या घोषणेआधीच हल्ला केला आणि दीड वर्षात रशिया तहाला आला. यामामोतोची स्वतःची दोन बोटं १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत गेली होती. टोकियोतल्या पुढाऱ्यांच्या डोक्यात तोच नमुना होता: पहिला घाव जबर घाला, समोरचा वाटाघाटींना बसेल.

मामा : पण तेव्हाच्या रशियात घरातच क्रांती पेटली होती. झारचं ते युद्ध सामान्य रशियनाला आपलं वाटलंच नाही.

भाची : तेच म्हणतेय! एकाच तऱ्हेचा हल्ला एका देशाला मोडतो आणि दुसऱ्याला एकजूट करतो. म्हणजे निर्णायक काय ठरतं? आतल्या माणसांना ते युद्ध आपलं वाटतं की नाही.

मामा : हे मान्य. पर्ल हार्बरला तर लष्करी घावही वरवरचा होता. विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या. तेलाच्या टाक्या, दुरुस्तीच्या गोद्या, पाणबुडी तळ शाबूत राहिले. आठ युद्धनौकांपैकी सहा दुरुस्त होऊन पुन्हा लढल्या. जपाननं जहाजं मारली आणि अमेरिकेचा संकोच कायमचा घालवून दिला. सौदा महागात पडला. आपल्याकडे पाकिस्ताननं तेच केलं. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरच्या धावपट्ट्यांवर हल्ला. आपली विमानं निवाऱ्यांत सुरक्षित होती. दुसऱ्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची पेटवली.

भाची : आणि तिथेही सीमेवर नोव्हेंबरपासून चकमकी चालू होत्या, मुक्तिवाहिनीला आपली मदत होती. पण सुरुवात कोणी केली, या प्रश्नाचं उत्तर पाकिस्ताननं स्वतःच जगाला दिलं.

मामा : बरं, आता ते एक मत. ३८८ विरुद्ध एक. तुला त्या बाईचं कौतुक असणार.

भाची : मोंटानाच्या जेनेट रँकिन. १९१७ मध्येही त्यांनी युद्धाविरुद्ध मत दिलं होतं, पण तेव्हा त्यांच्या सोबत पन्नासेक जण होते. १९४१ मध्ये त्या एकट्या. मतदानानंतर लोक इतके अंगावर आले की त्यांनी टेलिफोन बूथमध्ये आसरा घेतला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. मी तिथे असते तर मी विरोधात मत दिलं नसतं, मामा. पण ते मत देता आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मामा : मला ते पटत नाही. बंदर जळत असताना तत्त्वाचं मत कशाला? पण त्या ठरावात एक गोष्ट आहे, ती तू सांगितली नाहीस. त्यात नाव एकच होतं: जपान. रूझवेल्टना मोठा शत्रू वाटत होता तो जर्मनी. लोकांचा संताप इतका होता की त्याच लाटेत जर्मनीचं नाव घातलं असतं तर कदाचित खपलंही असतं. त्यांनी घातलं नाही. ज्यानं मारलं त्याच्याविरुद्धच परवानगी मागितली. जर्मनीनं ११ डिसेंबरला स्वतःहून युद्ध पुकारलं, तेव्हा दुसरा ठराव आला.

भाची : हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. कारण साठ वर्षांनी, सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पुन्हा तसंच मतदान झालं. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध एक. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. पण त्या ठरावात ना देशाचं नाव, ना प्रदेशाची हद्द, ना मुदत. हल्ल्यामागे कोण हे राष्ट्राध्यक्षांनी ठरवायचं आणि बळ वापरायचं.

मामा : तेव्हा समोर देश नव्हता गं. नाव कोणाचं लिहिणार?

भाची : संघटनेचं लिहिता आलं असतं. तेही नव्हतं. पुढे दोन दशकांहून अधिक काळ, एकापाठोपाठ एका राष्ट्राध्यक्षानं त्याच ठरावाचा आधार घेऊन देशोदेशी कारवाया केल्या. २००१ मध्ये अवघे सहा वर्षांचे असलेले जवान मोठे होऊन त्याच परवान्यावर लढायला गेले.

मामा : जहाजावर कप्तानाला हुकूम मिळतो तेव्हा त्यात लक्ष्य लिहिलेलं असतं, क्षेत्र लिहिलेलं असतं, परत कधी फिरायचं तेही असतं. हे तिन्ही नसेल तर तो हुकूम म्हणायचा नाही. मी लढण्याच्या बाजूचा आहे, पण असा कोरा कागद माझ्या हाती कोणी दिला असता तर मी तो परत केला असता.

भाची : मग आपलं भांडण मिटलं.

मामा : अर्धं. हल्ला झाल्यावर उत्तर द्यायचं की नाही, यावर मी चर्चा करणार नाही.

भाची : आणि कोणाला, कुठवर, यावरची चर्चा मी थांबू देणार नाही.

दोघांचं इथे एकमत झालं नाही, पण दोघांनी मिळून एक कसोटी हाती दिली. अचानक हल्ला झाला की लढायचं की नाही हा प्रश्न बहुधा लोकांच्या हातून निघून जातो. उरतात ते दोन प्रश्न: कोणाविरुद्ध आणि कुठपर्यंत. ८ डिसेंबर १९४१ च्या ठरावानं त्यांची उत्तरं लिहून ठेवली, २००१ च्या ठरावानं ती कोरी सोडली. पुन्हा कधी अशी सकाळ कोणत्याही देशावर आली, तर घोषणांच्या आधी तिथला ठराव वाचावा. त्यात शत्रूचं नाव आहे का, आणि थांबायची जागा लिहिली आहे का, एवढं पाहावं. ज्या ठरावात ही दोन्ही नाहीत, त्याच्या बाजूनं हात वर करण्याआधी नागरिकांनी आपल्या प्रतिनिधीला जाब विचारलाच पाहिजे.